चिंचपुऱ्याचं पहिलं पाणी

नत्थूजी भोयर हा नागपूरच्या चिंचपुऱ्यातला चावीवाला. चावीवाला म्हणजे कुलपं दुरुस्त करणारा नव्हे, नळाचं पाणी सोडणारा. खांद्यावर आडव्या मुठीची चार फुटी लोखंडी चावी, डोक्याला मळकं फडकं आणि तोंडात पानाऐवजी शिवी, अशी ही स्वारी रोज सकाळी सहाला नाल्याकडून यायची, रस्त्यातलं लोखंडी झाकण उचलायची, चावी आत खुपसायची आणि अकरा फेरे मोजून फिरवायची. मग पुऱ्याच्या नळांना पाणी. दीड तासानं पुन्हा अकरा फेरे, उलटे, की पाणी बंद. सन सत्तावीस उजाडलं तेव्हा त्याला हे करताना सव्वीस वर्षं झाली होती. कन्हानपलीकडच्या खेड्यातून तो आला तो नळाचे चर खोदायला. सोबतचे गडी काम संपल्यावर परत गेले, हा नळापाशीच राहिला.

आता नळाविषयी सांगायला हवं. हा नळ नाल्याच्या पोटातून पुऱ्यात येत होता. नाला पुढे नाग नदीला मिळतो, आणि त्यात काय नव्हतं ते विचारा. साऱ्या वस्तीच्या मोऱ्या, गोठ्यांचं मूत, खाटकांच्या गल्लीतलं लाल पाणी, संडासांच्या टोपल्या जिथे रित्या व्हायच्या तिथलं सगळं. लिहायलाही किळस येते, पण नत्थूजी त्यात गुडघाभर उभा राहत असे, तेव्हा वाचणाऱ्यानंही एवढं सोसावं. नळाच्या सांध्यांतलं शिसं झिजलं होतं, आतला ताग कुजला होता. नळ भरलेला असला की पाणी सांध्यांतून बाहेर झिरपे. नळ रिकामा झाला की उलटं व्हायचं, नाला आत शिरायचा. म्हणजे पुऱ्याच्या नळाला जी पहिली धार यायची ती नाल्याची असायची, आणि हे साऱ्या नागपुरात एका माणसाला पक्कं ठाऊक होतं.

त्यावर त्यानं स्वतःच तोड काढली होती. नाला ओलांडल्यावर, पुऱ्याच्या तोंडाशी, एक बुटकी तोटी होती. नत्थूजी आधी ती उघडायचा, पाव तास नळातलं पाणी नाल्यात वाहून जाऊ द्यायचा, ओंजळीत घेऊन वास घ्यायचा, आणि मगच पुऱ्याची चावी फिरवायचा. त्या पाव तासावरून बायका रोज भांडत. उन्हाळ्यात तर रिकामी भांडी वाजवत येत.

"काहून गा चावीवाल्या, नाल्याले पानी पाजून राहिला का? आमी का मेलो?"

"पाजतो. त्याचंच हाये ते, त्याले देऊन राहिलो," नत्थूजी वर न बघता म्हणायचा. "तुमच्या पोटात जाईन तवा समजंन."

पुऱ्यातली टवाळ मंडळी त्याला नाल्याचा पुजारी म्हणत. म्हणोत बापडी. सव्वीस वर्षांत आजूबाजूच्या वस्त्यांत हैजा, म्हणजे कॉलरा, येऊन गेला, चिंचपुऱ्यात आला नाही, आणि तो का आला नाही याचा विचार कुणी केला नाही.

त्याची बायको जिजाबाई. मऊ स्वभावाची, पण देवाच्या बाबतीत हट्टी. नळाची पहिली धार देवाची, असा तिचा नेम. त्या धारेला कुणाचं बोट लागलेलं नसतं, ती सोवळी, असं तिचं म्हणणं, आणि पुऱ्यातल्या साऱ्या बायका तेच मानत. नत्थूजी चिडून म्हणायचा, "पयली धार मी नाल्यात सोडली, वं. तुले आली ते दुसरी." त्यावर ती हसायची. "मंग त चांगलंच झालं. तुमी सोडलेलं पानी म्हंजे गंगाच." एकुलती मुलगी शामला, ती पुऱ्यातच दोन गल्ल्या पलीकडे दिलेली. एवढाच याचा संसार.

चिंचपुरा आणि त्याला लागून असलेला नदीकाठ यांच्या सुधारणेसाठी एक मंडळ होतं, नदीकाठ सुधार मंडळ. नावात नदीकाठ आधी आणि सुधार मागून, यावरून काय ते ओळखावं. अध्यक्ष रायबहादूर चंपतराव. तेलानं चमकणाऱ्या मिशा, सोन्याची साखळी, आणि बोलताना समोरच्याच्या डोक्यावरून पाहण्याची सवय. मंडळाचे ओवरशियर महादेवराव. हा माणूस वाईट नव्हता, पण पाठीचा कणा घरी खुंटीला अडकवून कामावर यायचा. नत्थूजी याच मंडळाचा नोकर.

त्या वर्षी मंडळापुढे दोन कामं आली. एक, नाल्यातला चाळीस फूट नळ बदलून तो पुलावरून वरच्या वर न्यायचा. दुसरं, नदीला दगडी पायऱ्यांचा घाट, वर बाग, बागेत कारंजं. पैसे एकाच कामाला पुरणारे होते. महादेवरावांनी साक्षीला म्हणून नत्थूजीला सभेत नेलं आणि दाराशी उभं केलं.

चंपतराव म्हणाले, "नळ काय, जमिनीत गाडायचे. कोणाला दिसणार आहेत? घाट बांधला तर शंभर वर्षं लोक नाव घेतील. शहराला काही शोभा पाहिजे की नको?"

कुणीतरी हळूच म्हणालं, की नळ फुटका आहे, उन्हाळा तोंडावर आहे. चंपतरावांनी महादेवरावांकडे पाहिलं. महादेवराव म्हणाले, "तसा धोका आहे, साहेब. पण आमचा नत्थूजी सांभाळून घेतो. सव्वीस वर्षांत एक तक्रार नाही."

"मग झालं तर," चंपतराव म्हणाले. "नत्थूजी आहे तोवर काळजी कसली?"

सगळी सभा वळून दाराशी बघायला लागली. एवढ्या पगड्यांनी त्याच्याकडे आजवर कधी पाहिलं नव्हतं. 'साहेब, मी पाव तास पाणी फेकतो म्हणून पुरा जगून आहे, माझा एक दिवस चुकला तर लोक मरतील,' हे त्याच वेळी सांगायचं होतं. सांगायलाच तर त्याला आणलं होतं. पण याची मान खाली, छाती पुढे, आणि तोंडून काय निघालं तर, "होय जी, पाहून घेतो मी." घरी येऊन त्यानं जिजाबाईला तीन वेळा सांगितलं, रायबहादूर स्वतः नाव घेऊन बोलले म्हणून. शहाण्या माणसाला मूर्ख करायचं असेल तर त्याची चारचौघांत स्तुती करावी, दुसरं काही लागत नाही.

पुढची गोष्ट तर याहून ओंगळ. नळ बदलायचं आधीच्या साली ठरलं होतं, त्या हिशेबानं मागवलेले नवे नळ नेमके फाल्गुनात येऊन पडले. काळे कुळकुळीत, नाल्याच्या काठाला रचलेले. पुऱ्याच्या बायकांनी त्यांना हळदीकुंकू वाहिलं. चार दिवसांनी बैलगाड्या आल्या आणि नळ उचलून नदीकाठी गेले, कारंजाला. कारंजाचा नळ कुणी टाकला म्हणाल, तर नत्थूजीनंच. त्याच्यासारखं शिसं ओतणारा दुसरा कोण होता? त्यानं ताग ठासला, शिसं ओतलं, सांधे असे बसवले की केस शिरू नये. पुऱ्याच्या फुटक्या सांध्यांना मात्र त्यानं डांबरात बुडवलेलं गोणपाट गुंडाळलं आणि वरून काथ्या आवळला. दोन्ही कामं एकाच आठवड्यात, एकाच माणसाच्या हातून झाली.

घाटाचं उद्घाटन अक्षय्य तृतीयेला ठरलं. मुहूर्त साडेतीनांतला, शिवाय कमिश्नरसाहेब पचमढीला हवा खायला निघण्याआधी तोच एक दिवस मोकळा होता. पण नदीचं काय करायचं? पायऱ्या चकाचक, आणि त्यांच्या पायाशी वाहतंय ते नाकाला रुमाल लावूनही बघवेना. तेव्हा मंडळानं वरच्या तलावाचं पाणी दोन रात्री नदीत सोडलं. पिण्याचं पाणी! चैत्र-वैशाखात, लोक घोट घोट मोजत असताना, नदीला आंघोळ घातली. साहेबानं नदी बघावी आणि ती नदी वाटावी, एवढ्यासाठी. काठावर वाळूच्या शंभर गाड्या रिकाम्या केल्या. मेलेलं एक वासरू पायरीला अडकलं होतं, ते बांबूनं ढकलून पुढच्या वस्तीकडे लावून दिलं. पुढच्या वस्तीत साहेब जाणार नव्हता.

तलाव असा रिता केल्यावर कारंजाला जोर कुठून येणार? महादेवराव आदल्या संध्याकाळी आले. "नत्थूजी, पुऱ्याचं पाणी आजपासून बंद. उद्या कार्यक्रम झाला की सोड."

"साहेब, उद्या तीज हाये. घागरी भराच्या राह्यते."

"दहापर्यंत सगळं आटोपेल. मग सोड की."

तिजेची घागर म्हणजे काय ते आपल्याकडे सांगायला नको, पण परक्यासाठी सांगतो. त्या दिवशी पितरांच्या नावानं मातीची कोरी घागर ताज्या पाण्यानं भरायची, पुजायची, चिंचवणी, शेवया, आंब्याचा रस असा नैवेद्य करायचा. मध्यान्हीच्या आत. पितर वर्षभराचे तहानलेले असतात. मग तेच पाणी घरातल्या सगळ्यांनी प्यायचं आणि दारी आलेल्याला पाजायचं. घागरीत शिळं पाणी चालत नाही, विहिरीचा तर पुऱ्यात तळ दिसत होता. तेव्हा नळ हाच आधार.

दुसऱ्या दिवशी साडेआठाला नत्थूजी कारंजाच्या चावीपाशी उभा होता. साहेब दहाला आले. भाषणं झाली, पोवाडा झाला, मडम साहेबांना गुच्छ दिला. अकराच्या सुमाराला चंपतरावांनी हात वर केला आणि नत्थूजीनं चावी फिरवली. पाणी दोन पुरुष उंच गेलं. तुषार मांडवावर पडले, टाळ्या कडाडल्या. चंपतराव म्हणाले, "हा आमचा चावीवाला." साहेब दोन शब्द बोलले.

"शाबास म्हणाले रे," महादेवराव कानाशी लागून म्हणाले. "थांब जरा, चहापान झालं की तुला पागोटं बांधायचं आहे."

त्याला कुणी धरून ठेवलं नव्हतं. एवढी गोष्ट त्याच्या बाबतीतही स्पष्ट लिहिली पाहिजे. सूर्य वर चढताना त्याला दिसत होता. तीज त्याला माहीत होती, पुरा त्याला माहीत होता, नळ तर त्याच्याइतका कुणालाच माहीत नव्हता. तरी तो उभा राहिला. कुणीतरी गुलाबाचं सरबत दिलं, ते प्याला. चहापान लांबलं. शेवटी चंपतरावांनी त्याच्या डोक्याला लाल पागोटं बांधलं तेव्हा पावणेबारा झाले होते. निघताना महादेवराव म्हणाले, "टाकीत अर्ध्या तासाचंच पाणी उरलं आहे. जपून."

नत्थूजी धावत सुटला. पुऱ्याच्या तोंडाशी दीडशे बाया कोऱ्या घागरी घेऊन उन्हात उभ्या होत्या. पोरं रडत होती. म्हातारा कवडू कोष्टी पुढे आला. "नत्थूजी, टळून राहिली ना गा येळ. पितर उपाशी बसले."

तोटी तिथेच होती. ती पाव तास सोडायची तर निम्मं पाणी नाल्यात जाणार, निम्म्या घागरी कोरड्या राहणार, मध्यान्ह टळणार. नत्थूजी तोटीजवळ गेला, मूठ हातात धरली, आणि बायकांकडे पाहिलं. मग उठून सरळ पुऱ्याची चावी फिरवली, अकरा फेरे. काल सकाळपासून रिकामा पडलेला नळ घशातून खाकरल्यासारखा वाजला आणि पाणी आलं. जराशी गढूळ धार, पण उन्हाळ्यात असायचीच.

अजूनही वेळ गेली नव्हती. पहिल्या दोन-दोन घागरी ओतून टाका, एवढं ओरडला असता तरी पुरे होतं. त्याचं तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात जिजाबाईनं त्याचं पागोटं पाहिलं आणि शेजारणीला कोपरानं ढोसून म्हणाली, "पाह्य वं, शामीच्या बापाले साहेबानं मान देला." बायका कौतुकानं बघायला लागल्या. कुणीतरी म्हणालं, नत्थूजीनं स्वतः पाणी सोडलं, आता काय भीती? आणि नत्थूजीनं उघडलेलं तोंड मिटून घेतलं. जिजाबाई रांगेत पहिली होती. पहिली धार तिनं भरली.

तिसऱ्या दिवशी पहाटे कवडूला जुलाब सुरू झाले. दुपारी जिजाबाईला. डोळे खोल गेले, नखं निळी पडली, आवाज बसला. शामला मायची लुगडी बदलून बदलून थकली. रात्री जिजाबाईनं पाणी मागितलं. टाकी अजून भरली नव्हती, घरात पाणी एकच होतं, तिजेच्या घागरीतलं. नत्थूजीनं ती घागर उचलून अंगणात आपटली आणि शेजारच्या विहिरीच्या तळातला गाळ उपसत बसला. तो गाळून, उकळून होईपर्यंत तिची मागणी थांबली होती.

नऊ दिवसांत पुऱ्यातली तेवीस माणसं गेली. जी घरं सोवळ्याओवळ्यात कडक होती, ती आधी. ज्यांनी रांगेत मागे उभं राहून उरलंसुरलं पाणी भरलं ती वाचली. देवाला चांगलं द्यावं म्हणून ज्यांनी धडपड केली त्यांच्याच घरी हे, आणि घाटावर मात्र रोज संध्याकाळी कारंजं उडत होतं. मंडळानं घाटावर पाटी लावली, रोग्यांचे कपडे येथे धुवू नयेत.

मग चौकशी. महादेवराव एक कागद लिहूनच घेऊन आले. चावीवाल्यानं मनाई केली असतानाही पुऱ्यातल्या स्त्रियांनी पहिलं पाणी भरलं, असा त्यात मजकूर. "सही कर. तुझी नोकरी राहील, मंडळाचंही नाव राहील," असं ते जमिनीकडे बघत म्हणाले.

नत्थूजीनं कागद वाचून घेतला. अक्षरओळख त्याला होती. मग तो थेट सभेत गेला आणि दाराशी न थांबता मधोमध उभा राहिला. "बायांले मनाई कोनी केली नाई. चावी मी उघडली. तोटी सोडली नाई, तेबी मीच. अन् पुऱ्याचे नळ तुमच्या कारंजात गाडले हायेत, तेबी माह्याच हातानं. हे सारं लिहा, सही करतो."

चंपतराव त्याच्या डोक्यावरून पाहत म्हणाले, "चावी यानंच उघडली, हे याच्या तोंडून आलंच आहे. तेवढं पुरे." कागदावर तेवढंच आलं, चावीवाल्याच्या हयगयीमुळे. नत्थूजीची नोकरी गेली. कारंजाच्या नळाचा उल्लेख कुठंच नव्हता. आणि पंधरा दिवसांच्या आत पुऱ्यासाठी चाळीस फूट नवा नळ आला, पुलावरून टाकून झाला, पाणी सुरूही झालं. पैसे नव्हते म्हणे! तेवीस प्रेतांनंतर ते कुठल्या खिशात सापडले, ते कुणी विचारलं नाही. थू असल्या शोभेवर.

पुऱ्यानं मात्र नत्थूजीला डोक्यावर घेतलं. रायबहादुराच्या तोंडावर खरं बोलला, बायकांवर बालंट येऊ दिलं नाही, स्वतःची बायको गेली तरी ताठ उभा राहिला. लोक ओट्यावर येऊन बसत, चिलीम पुढे करत. गेलेल्या कवडूचा भाऊसुद्धा आला आणि म्हणाला, "तुह्या हातात काय होतं गा? पाव घंटा तोटी सोडली असती त पितर उपाशी राह्यले असते. तू लोकाईच्या भल्यासाठीच केलं." मंडळानं केलं सगळं, मंडळाचं वाटोळं होवो, असं सगळे म्हणत. नत्थूजी ऐकून घेई. हो म्हणत नसे आणि नाहीही म्हणत नसे.

तेराव्यानंतर एके सकाळी ओटा असाच भरला होता. शामला आतून भाकरी टाकून बाहेर आली. रोज येऊन बापाचा स्वयंपाक करत होती, फारसं बोलत नव्हती. परातीचं पीठ हाताला तसंच होतं.

"बाबा, एक इचारू?"

"इचार ना, बाई."

"पानी थोडं होतं, तोटी सोडली नाई, ते समजलं मले. पन माय तुमच्यापासून दहा हातावर उभी होती. फेक म्हनाले असते त तिनं फेकली असती पयली घागर. तुमचं आयकत होती ते. मंग काहून नाई सांगतलं?"

ओट्यावरचा एकजण म्हणाला, "जाऊ दे न वं पोरी, त्याचं काय चित्त ठिकान्यावर होतं का?"

नत्थूजीनं हातानं त्याला गप्प केलं. साऱ्या दुनियेनं त्याला सुटायला वाट काढून दिली होती. मंडळ होतं, नळ होता, तीज होती, उरलेलं अर्ध्या तासाचं पाणी होतं. त्यातलं काहीही पुढे केलं असतं तर शामलानं मानलं असतं.

"पानी घान हाये म्हनलं असतं," तो म्हणाला, "त बाया म्हनल्या असत्या, तुमी होते कुठं एवढा येळ? मंग सांगा लागलं असतं, पागोटं बांधून घेऊन राहिलो होतो म्हनून."

शामलानं हाताचं पीठ लुगड्याला पुसलं. मग आत गेली, आणि दुसऱ्या दिवसापासून बापाच्या घरी आली नाही.